अक्षराची आकृती आणि अक्षराची ओळख : दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या वाचनसाधनांचा एक मागोवा

(१)

प्रस्तुत लेखाचे निमित्त एक लहानसा प्रसंग आहे. पदव्युत्तर वर्गातील एका अंध विद्यार्थ्यास, परीक्षा तीन आठवड्यांवर आली असता, एका जुन्या संशोधनलेखाची आवश्यकता पडली. लेख ज्या नियतकालिकात छापला होता त्याचे जुने अंक महाजालावर ठेवलेले होते. तेव्हा लेख मिळविणे हे दोन मिनिटांचे काम, अशी आमची समजूत. दुवा पाठविला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आला आणि म्हणाला, "सर, यात काहीच नाही." आम्ही संगणक उघडून पाहिले. वीस पाने होती, स्वच्छ छपाई होती, तळटीपासुद्धा सुवाच्य होत्या. विद्यार्थ्याच्या संगणकातील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली, मात्र प्रत्येक पानास 'रिक्त' म्हणत होती. त्या दोघांचे काही चुकले नव्हते. फाइलीत अक्षरे नव्हतीच. अक्षरांची छायाचित्रे होती.

अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न डोळस वाचकास सहसा पडत नाही. कागदावरील काळी आकृती हेच त्याचे अक्षर. आकृती एक गोष्ट आणि त्या आकृतीने ज्याची खूण पटते ते अक्षर ही दुसरी गोष्ट, असा भेद त्याने केला नाही तरी त्याचे काही अडत नाही. अंध वाचकाचे सर्व काही या भेदावर अडते. किंबहुना गेल्या सुमारे अडीचशे वर्षांतील अंधांच्या वाचनसाधनांचा इतिहास पाहू लागल्यास एकच चूक वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. डोळस माणूस आपल्या अक्षराची आकृती अंधापर्यंत पोहोचविण्याची खटपट करतो आणि अक्षर मागेच राहते. महाजालाच्या साहाय्याने दिव्यांग विद्यार्थ्यांचे शिक्षण सुकर करण्याचे जे प्रयत्न आज चालू आहेत, त्यांचे यशापयश याच भेदाच्या जाणिवेवर अवलंबून आहे असे आमचे मत आहे. कर्णबधिर विद्यार्थ्यांचे प्रश्न निराळे आहेत, त्यांचा इतिहासही निराळा आहे; म्हणून येथे विचार केवळ वाचनाचा आणि तोही मुख्यतः दृष्टिहीनांच्या वाचनाचा केला आहे.

(२)

पॅरिस येथे व्हॅलेंतँ आऊई या गृहस्थाने १७८४ च्या सुमारास अंध मुलांच्या शिक्षणास प्रारंभ केला. त्याचा पहिला शिष्य फ्रान्स्वा लसुअर हा भीक मागून उपजीविका करणारा तरुण होता. जाड कागदावर दाबून उमटलेले अक्षर बोटास कळू शकते, हे ध्यानात आल्यावर आऊईने रोमन अक्षरे उठावाने छापून ग्रंथ तयार केले. अंधांसाठी ग्रंथ असू शकतो ही कल्पनाच त्या काळी अपूर्व होती आणि तिचे श्रेय आऊईस दिलेच पाहिजे. तथापि त्याने अक्षर निवडले ते डोळ्यांचे. वळणदार रोमन अक्षर बोटाखाली ओळखू यावे म्हणून ते पुष्कळ मोठे करावे लागे. त्यामुळे ग्रंथ अवाढव्य आणि जड होत, संख्येने मोजकेच निघत, आणि एक ओळ वाचावयास विद्यार्थ्यास एकेक अक्षराची कड चाचपीत जावे लागे. याहून मोठी उणीव दुसरीच होती. ही अक्षरे विद्यार्थ्यास सहजपणे लिहिता येत नसत. त्याने वाचावयाचे ते दुसऱ्याने छापलेले. स्वतःचे टिपण, स्वतःचे पत्र, स्वतःचा हिशेब यांस त्या पद्धतीत जागा नव्हती.

लुई ब्रेल याचा जन्म कूव्रे या गावी १८०९ मध्ये झाला. बाप खोगिरे व चामड्याचे सामान करणारा. वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या हत्याराने डोळ्यास इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो आऊईने स्थापिलेल्या शाळेत दाखल झाला. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाच्या, तोफखान्यात अधिकारी राहिलेल्या गृहस्थाने आपली ठिपक्यांची लेखनपद्धती त्या शाळेपुढे मांडली. ही पद्धती रात्रीच्या अंधारात सैनिकांनी संदेश वाचावेत म्हणून निर्माण झाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती पुराव्याच्या कसोटीस पुरेशी उतरत नाही. महत्त्वाचे एवढेच की बार्बिएच्या ठिपक्यांत रोमन अक्षराच्या आकृतीचा लवलेश नव्हता. त्याने ध्वनींचे कोष्टक केले आणि प्रत्येक ध्वनीचे कोष्टकातील स्थान ठिपक्यांनी दर्शविले. एका खुणेत बारापर्यंत ठिपके येत. ती बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नसे. शब्दाचे लेखन, विरामचिन्हे, अंक यांची सोयही तीत नव्हती.

ब्रेलने बारांचे सहा ठिपके केले. दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत तीन. एवढ्यातून ६३ निरनिराळ्या खुणा होतात आणि प्रत्येक खूण बोटाच्या टोकाखाली एकदम मावते. १८२९ मध्ये त्याने ही पद्धती प्रसिद्ध केली तेव्हा त्याचे वय वीस होते. पाटी आणि टोकदार स्टायलस हाती असली की अंध विद्यार्थी वाचतो तसा लिहितोही, हा या पद्धतीचा खरा पराक्रम होय.

शाळेच्या चालकांना मात्र तो लवकर पटला नाही. १८४० मध्ये द्युफो हा संचालक झाल्यानंतर ठिपक्यांची लिपी बाजूस सारली गेली. अंधांची लिपी डोळसांस वाचता येत नसेल तर अंध मनुष्य समाजापासून तुटेल, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. हा आक्षेप दुष्टपणाचा नव्हता. आजही संगणकाविषयी बोलताना तो निराळ्या शब्दांत ऐकू येतो. विद्यार्थ्यांनी मात्र लिपी सोडली नाही. आपसांत ती चालूच ठेवली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनसमारंभात ग्वादे या साहाय्यक संचालकाने तिचे जाहीर समर्थन केले आणि द्युफोचा विरोध मावळला. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. ब्रेल त्यापूर्वीच, १८५२ मध्ये, क्षयाने वारला होता.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम मून याने १८४५ च्या सुमारास रोमन अक्षरांच्या सोप्या केलेल्या रेषांची उठावलिपी काढली, आणि उतारवयात दृष्टी गेलेल्या लोकांस तीच बरी वाटे. कारण अक्षराची आकृती त्यांच्या स्मरणात होती. तेव्हा आकृतीचा मार्ग सर्वथा निरुपयोगी होता असे नव्हे. ज्याने अक्षर एकदा डोळ्यांनी पाहिले आहे त्याच्या तो उपयोगी पडला.

(३)

ब्रेल आपल्या देशात आली ती मिशनऱ्यांच्या शाळांतून. ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे अंधांची शाळा काढली. मुंबईत अमेरिकन मिशनची शाळा १९०० मध्ये आणि व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मध्ये सुरू झाली. रोमन लिपीसाठी बसविलेल्या ६३ खुणा भारतीय वर्णमालेस कशा लावावयाच्या, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडविला. परिणामी शार्प यांची एक लिपी, डॉ. नीळकंठराय छत्रपती यांची दुसरी, कलकत्त्यात लालबिहारी शाह यांची तिसरी, म्हैसुरात कानडीसाठी आणखी एक, असा प्रकार झाला. एका प्रांतात छापलेला ग्रंथ दुसऱ्या प्रांतातील मुलाच्या हाती दिला तर तो त्याला वाचता येईलच याची खात्री नव्हती. ठिपके तेच आणि अर्थ निराळे. ही अवस्था वाचकांनी ध्यानात ठेवावी. पन्नास वर्षांनी मराठीच्या संगणकलेखनात ती जशीच्या तशी पुन्हा अवतरली.

१९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोस विनंती केली की जगातील निरनिराळ्या ब्रेल लिप्यांत सुसूत्रता आणावी. सर क्लूथा मॅकेन्झी यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये पॅरिस येथे आणि १९५१ मध्ये बैरूत येथे परिषदा झाल्या. वादाचा मुद्दा मूलभूत होता. भारतीय वर्णमालेची शास्त्रीय रचना लक्षात घेऊन खुणा स्वतंत्रपणे वाटून द्याव्यात, की ज्या ध्वनीस जगभर जी खूण रूढ आहे तीच आपणही स्वीकारावी? दुसरा पक्ष मान्य झाला. म्हणून आजच्या भारती ब्रेलमध्ये क, म, र, ल, स यांच्या खुणा त्याच ध्वनींच्या रोमन अक्षरांच्या ब्रेल खुणांहून निराळ्या नाहीत. १९५१ मध्ये ही लिपी भारताने स्वीकारली, आणि त्याच सुमारास डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलची अंतर्रचना अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी काढतो आणि उच्चार मात्र क नंतर करतो. डोळ्यास ही उलटापालट बाधत नाही, कारण तो संपूर्ण अक्षर एकदम घेतो. बोट मात्र एकामागून एक असेच घेते. म्हणून भारती ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना वेगळी चिन्हेच नाहीत. जी खूण स्वतंत्र स्वराची तीच व्यंजनाला जोडलेल्या स्वराची. मग 'सी' आणि 'सई' यांतील फरक कसा दाखवावयाचा? 'सई' लिहिताना स नंतर अ घालावयाचा आणि मग ई. जोडाक्षराची युक्ती याहूनही मार्मिक आहे. छापील लेखनात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या पायाशी येते. ब्रेलमध्ये हलन्ताचा ठिपका व्यंजनाच्या आधी येतो. 'पुढे येणारे अक्षर अर्धे आहे' ही सूचना बोटास आधीच मिळते आणि त्याला मागे वळावे लागत नाही. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र खुणा दिल्या आहेत. देवनागरीच्या आकृतीचा पूर्ण त्याग करून देवनागरीचे वर्णशास्त्र जसेच्या तसे राखणारी ही रचना आहे. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वैयाकरणास ती परकी वाटू नये.

(४)

यंत्रांच्या युगात आऊईची चूक पुन्हा झाली, आणि ती मोठ्या कल्पकतेने झाली. एडमंड फूर्निए दाल्ब या भौतिकशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बर्मिंगहॅम येथे 'ऑप्टोफोन' नावाचे यंत्र बनविले. छापील ओळीवरून प्रकाशाचा झोत सरकत जाई आणि अक्षराच्या काळ्या-पांढऱ्या भागांप्रमाणे कमीअधिक उंचीचे स्वर उमटत. अक्षराच्या आकृतीचे ते संगीतात केलेले भाषांतर होते. मेरी जेम्सन या अंध महिलेने त्याचा उपयोग जाहीर प्रयोगांत करून दाखविला आणि अनेक वर्षांच्या सरावाने मिनिटास सुमारे ६० शब्दांचा वेग साधला. पण जेम्सनबाईंसारखा वाचक विरळा. यंत्र आकृती पुरवी. तीतून अक्षर ओळखण्याचे सारे श्रम वाचकाच्या माथी येत.

ते श्रम यंत्राने उचलले १९७६ मध्ये. रेमंड कुर्झवेल यांच्या वाचनयंत्राने छापील पानाचे चित्र घेऊन त्यातील अक्षरे स्वतः ओळखली आणि कृत्रिम आवाजात उच्चारून दाखविली. चित्रातून अक्षर काढण्याच्या या विद्येस आज आपण ओसीआर म्हणतो. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

संगणकाच्या पहिल्या पिढीत अंध वापरकर्त्यांचे दिवस बरे होते, हे आज कोणास खरे वाटणार नाही. त्या काळी पडद्यावर केवळ मजकूर असे आणि संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक स्थानी कोणते अक्षर आहे याची नोंद असे. बोलणारी आज्ञावली ती नोंद सरळ वाची. आयबीएमचा 'स्क्रीन रीडर' १९८६ चा. टेड हेंटर या, स्वतः दृष्टी गमावलेल्या अभियंत्याचा 'जॉज' १९८९ चा. त्यानंतर खिडक्या, चित्रे आणि माउस यांचे संगणक आले. डोळसांस ते इतके सोयीचे झाले की लहान मूलही ते चालवू लागले. पण पडद्यावर आता अक्षरांच्या जागी बिंदूंनी रंगविलेली चित्रे होती आणि जुन्या आज्ञावल्या मुक्या झाल्या. आऊईपासून ब्रेलपर्यंत जे अंतर कापले होते ते एका सुधारणेने उलट्या दिशेने कापले गेले. ते भरून काढण्यात पुढील दहा वर्षे गेली.

महाजालाची भाषा या दृष्टीने सुदैवी ठरली. एचटीएमएलमध्ये शीर्षक केवळ ठळक टाइपात दाखवावयाचे नसते. 'हे शीर्षक आहे' असे सांगावयाचे असते, आणि शीर्षकाच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. यादी ही यादी म्हणून, कोष्टक हे कोष्टक म्हणून नोंदविले जाते. चित्र दिले तर त्यासोबत त्याचे शाब्दिक वर्णन देता येते, आणि डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० या आवृत्तीने ते आवश्यक ठरविले. अंध विद्यार्थ्यास याचा लाभ कसा होतो हे डोळस अध्यापकाने शेजारी बसून एकदा पाहावे. एक कळ दाबली की तो पुढील शीर्षकावर जातो, दुसरी दाबली की पुढील कोष्टकावर. साठ पानांचा निबंध तो डोळसाप्रमाणे चाळू शकतो. शीर्षके नुसतीच मोठ्या टाइपात रंगविलेली असतील तर त्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसणे भाग पडते.

चाळता येणे ही विद्यार्थ्याची खास गरज आहे, आणि तिची जाणीव प्रथम ध्वनिग्रंथांच्या क्षेत्रात झाली. कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेली कादंबरी ऐकता येते. पण अध्यापकाने "पृष्ठ २१४ उघडा" म्हटले की कॅसेटवाला विद्यार्थी निरुपाय होतो. विद्यापीठीय विद्यार्थ्यांस ध्वनिग्रंथ पुरविणाऱ्या स्वीडनमधील राष्ट्रीय ग्रंथालयाने हा प्रश्न हाती घेतला आणि त्यातून 'डेझी' ही पद्धती निघाली. तिचा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ मध्ये स्थापन झाला. महाजालाचे मानदंड ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम काढला, मे १९९९ मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आणि डिसेंबर २००८ मध्ये दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या तत्त्वांचा तपशील येथे देत नाही. ती सहज उपलब्ध आहेत. त्यांचे सार हेच की जे डोळ्यांस दाखविले जाते ते यंत्रासही समजेल अशा रीतीने नोंदवावे.

'जॉज'सारख्या आज्ञावल्या महाग होत्या. आपल्याकडील सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात त्या नव्हत्या. २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 'एनव्हीडीए' नावाची विनामूल्य आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढे तिच्यासोबत मिळणारा आवाज मराठीही बोलू लागला. लुई ब्रेलप्रमाणे येथेही साधन घडविणारा हा ते वापरणाराच होता. हा योगायोग नसावा.

(५)

आता मराठीकडे वळू. आवाज आला, विनामूल्य आज्ञावली आली. मग मराठी ग्रंथ अंध विद्यार्थ्यांसाठी अजून मुकेच का?

१९९० ते २००५ या काळात मराठीचे मुद्रण संगणकावर आले ते निरनिराळ्या फॉन्टच्या आश्रयाने. या फॉन्टांची युक्ती अशी की संगणकास रोमन अक्षरांसाठी जे क्रमांक ठाऊक होते, त्याच क्रमांकांच्या घरांत देवनागरी आकृत्या बसवावयाच्या. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच. डोळ्यास मात्र देवनागरी दिसे. प्रत्येक संचाची वाटणी निराळी. एका संचातील 'म' दुसऱ्या संचात भलतेच अक्षर होई. १९५१ पूर्वीच्या ब्रेल लिप्यांची अवस्था वर सांगितली आहे. ती आणि ही यांत तत्त्वतः भेद नाही. त्यातही अर्धा ग, काना, रफार हे तुकडे निरनिराळ्या घरांत, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी. छापखान्यास याचा काही उपद्रव नव्हता, कारण शेवटी कागदावर आकृतीच उमटावयाची होती. उलट या फॉन्टांमुळे मराठी प्रकाशनास गती आली, हे मान्य केले पाहिजे. अशा मजकुरावर स्क्रीन रीडर लावला असता मात्र तो रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन माळ म्हणू लागतो. ज्ञानेश्वरीचे विवेचन असो की वार्षिक अहवाल, ऐकू येते ते सारखेच.

यावरचा उपाय आपल्या देशात आधीच सिद्ध झाला होता, हे विशेष. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतन १९८८ मध्ये आणि सुधारित रूपात १९९१ मध्ये प्रमाणित झाले. १९९१ मध्येच निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. दोहोंचे तत्त्व एकच. प्रत्येक वर्णास एक क्रमांक, आणि क्रम उच्चाराचा. 'कि' मध्ये आधी क नोंदवावयाचा आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन काढणे हे फॉन्टचे काम. भारती ब्रेलने १९५१ मध्ये बोटासाठी जो निर्णय घेतला तोच चाळीस वर्षांनी संगणकासाठी घेतला गेला. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्यास आधार नाही. लिपीचा स्वभावच तसा आहे. परिणाम मात्र एकमेकांस पूरक झाला. युनिकोडमधील मराठी मजकूर आज्ञावलीने क्षणात भारती ब्रेलमध्ये बदलता येतो, ब्रेलदर्शक यंत्राच्या उठणाऱ्या ठिपक्यांवर बोटाने वाचता येतो, मोठ्या टाइपात पाहता येतो, किंवा ऐकता येतो. ज्यांना दृष्टी आहे पण अक्षरे जुळवून वाचणे जमत नाही अशा, डिस्लेक्सिया असलेल्या, विद्यार्थ्यांसही ऐकता ऐकता तोच शब्द पडद्यावर ठळक झालेला पाहण्याचा उपयोग होतो.

युनिकोडने सर्व काही साधले असे नव्हे. मराठीतील 'ॲ' यास स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद डोळस लेखकच पुष्कळदा टंकताना गाळतो आणि मग यंत्र गुरुजनांस स्वयंपाकघरात पाठविते. च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार होतात. म्हातारपण या अर्थाचा 'जरा' आणि थोडे या अर्थाचा 'जरा' लेखनात एकरूप आहेत. डोळस वाचक संदर्भाने निवडतो, यंत्र ठोकळेबाज एकच उच्चार करते. हा दोष यंत्राचा म्हणण्यापेक्षा आपल्या लेखनपद्धतीचा आहे, आणि अंध वाचक त्याची सवय करून घेतात. ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख आरंभी केला, तो यंत्राचे उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करीत आमच्या दुप्पट वेगाने ऐकतो.

(६)

तांत्रिक अडचण सुटली तरी कायद्याची होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी प्रत तयार करण्याची मुभा नव्हती. शाळेने क्रमिक पुस्तक ब्रेलमध्ये उतरविले तरी प्रकाशकाची अनुमती घेणे आवश्यक ठरे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा दिली, आणि ती कोणत्याही एका माध्यमापुरती ठेवली नाही. जून २०१३ मध्ये माराकेश येथे दृष्टिबाधितांसाठी ग्रंथसुलभतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला; त्यास अनुसमर्थन देणारे पहिले राष्ट्र भारत होय, जून २०१४ मध्ये. त्याच महिन्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने हॅथीट्रस्ट या विद्यापीठीय ग्रंथसंग्रहाच्या खटल्यात, स्कॅन केलेल्या ग्रंथांचा मजकूर दृष्टिबाधित वाचकांस उपलब्ध करून देणे कायदेशीर ठरविले. माराकेश करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आला. त्याच्या महिनाभर आधी आपल्याकडे 'सुगम्य पुस्तकालय' हे महाजालावरील ग्रंथालय सुरू झाले होते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अंमलात आला. त्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होते. जागा मिळालेल्या विद्यार्थ्याने वाचावे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाही असे म्हटले, आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात डिजिटल सुगम्यता ही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविली. न्यायालयाच्या भाषेत प्रश्न निकालात निघाला असे म्हणता येईल. पण न्यायालयाचा हुकूम एखाद्या पीडीएफमधील चित्राचे अक्षर करू शकत नाही.

ते काम ओसीआरचे, आणि त्यामागून माणसाचे. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर युनिकोडमध्ये आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुने ग्रंथ पानापानाने तपासून अक्षररूपात आणीत आहेत. त्यांच्या तुलनेत विद्यापीठांच्या आणि मंडळांच्या संशोधनपत्रिका मागे आहेत, आणि यात आमच्या विभागाची पत्रिका अपवाद नाही, हे कबूल केले पाहिजे. जुने अंक चित्ररूपात, मधल्या काळातील अंक जुन्या फॉन्टांत. अलीकडील अंक युनिकोडमध्ये आहेत खरे, पण त्यांतील शीर्षके ठळक टाइपात रंगविलेली आहेत, शीर्षक म्हणून नोंदविलेली नाहीत.

आरंभीच्या प्रसंगातील लेख आम्ही ओसीआरमधून काढला. खिळ्यांची जुनी छपाई. यंत्राने 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची मुक्तपणे अदलाबदल केली, अनुस्वार गाळले, जोडाक्षरे फोडली, आणि तळटीपा मजकुराच्या मध्यभागी आणून ठेवल्या. वीस पाने मुळाशी ताडून पाहण्यास आम्हा दोघा अध्यापकांस चार संध्याकाळ लागल्या. पाचव्या दिवशी विद्यार्थ्याने तो लेख ऐकला आणि परत येऊन सांगितले की नवव्या पानावर एका अभंगाचा क्रमांक चुकला असावा, कारण लेखकाने पुढे केलेला युक्तिवाद त्या क्रमांकाशी जुळत नाही. आम्ही मूळ छापील पान काढून पाहिले. ओसीआरची चूक नव्हती, आमचीही नव्हती. क्रमांक मूळ अंकातच चुकीचा छापला गेला होता, आणि तो आजवर कोणा डोळस वाचकाने दाखवून दिल्याची नोंद विभागाच्या दप्तरात नाही.